वर्गात कॉम्प्युटर कधी लावायचा, कधी बंद ठेवायचा

कॉम्प्युटर चांगला की वाईट हा वाद सोडा, तासाची तयारी करताना एवढंच बघा की ही गोष्ट फळ्यावर जमतेय का, जमत असेल तर सरळ खडू उचला. पायरी पायरीने सोडवायचं गणित, व्याकरण वगैरे फळ्यावरच बरं, कारण तुम्ही लिहाल त्या वेगाने पोरं वहीत उतरवतात, स्लाइडवर सगळं एकदम समोर येतं आणि मग "मॅडम, मागची स्लाइड दाखवा ना" सुरू.

कॉम्प्युटरचा खरा फायदा हलणाऱ्या, बदलणाऱ्या नाहीतर डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत आहे. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर सरकवून रेषेचा चढ बदला, आलेख तिथल्या तिथे फिरतो, फळ्यावर हे करायला दहा वेळा पुसावं लागेल. विज्ञानाला फेट (PhET) या वेबसाइटवरची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, घ्या, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प फुकट आहे आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. फक्त लगेच प्ले दाबू नका!! दोन बल्ब एकसर म्हणजे एकामागे एक जोडलेत, एक काढला तर दुसऱ्याचं काय होईल, हे आधी प्रत्येकाला वहीत लिहायला लावा, मग चालवा, ज्याचा अंदाज चुकला तोच सगळ्यात जास्त प्रश्न विचारतो. अंदाज न घेता दाखवलं तर ते नुसतं टीव्ही बघणं होतं.

आता तोटे. सगळ्यात मोठा म्हणजे लक्ष उडणं, आणि ते एकट्याचं नाही उडत. २०१३ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात लेक्चर चालू असताना लॅपटॉपवर भलतंच करणाऱ्यांना तर कमी मार्क पडलेच, पण ज्यांना तो स्क्रीन नुसता दिसत होता त्यांनाही कमी पडले. म्हणून पोरांच्या हातात मशीन असेल तेव्हा तुम्ही मागे उभे राहा, म्हणजे सगळे स्क्रीन दिसतात, आणि स्वतः बोलायला लागलात की लॅपटॉप बंद करायला सांगा, मिटवून.

ऑनलाइन क्विझचा निकाल लगेच कळतो हे मस्तच, पण बहुतेक क्विझ फक्त उत्तर तपासतात, पोरगं कुठल्या पायरीला अडकलं ते कळत नाही, वही बघावीच लागते.

बाकी, व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवा, नेट ऐनवेळी जातंच. मशीन कमी असतील तर दोघांत एक द्या, पण अर्ध्या वेळाने माऊस बदलायला लावा, नाहीतर हुशार पोरगं सगळं करतं आणि दुसरं बघत बसतं.