पद्मिनीचा कार्बोरेटर उतरवण्याआधी

पहिलं काम म्हणजे कार्बोरेटरला, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या त्या जुन्या भांड्याला, हात लावायचा नाही. प्रीमियर पद्मिनीला त्याच्या जागी इंजेक्शन, म्हणजे ईसीयू या छोट्या संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवायचं मनात आलं की माणूस आधी इंजेक्टर शोधत सुटतो आणि तिथेच फसतो. या यादीत इंजेक्टरची खरेदी सगळ्यात शेवटी येते. १०८९ सीसीचं, जेमतेम ४० अश्वशक्तीचं हे इंजिन फार सोशिक आहे. स्पार्कचे पॉइंट झिजले, व्हॉल्व्हचे टॅपेट सैल झाले, एखादा सिलिंडर दमला, तरी कार्बोरेटरवर ते निभावून नेतं. ईसीयू असलं काही पोटात घालत नाही.

तेव्हा टॅपेट सेट करा, पॉइंट बदला, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून आकडे वहीत लिहा. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट आकड्यात १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजेक्शनचे पैसे इंजिनात घाला. नसेल तर इंजिन थंड असताना, नुकतं चालू करून, कार्बोरेटरच्या बुडाशी क्लीनरचा बारीक फवारा मारा. रेस बदलली की समजायचं, तिथून एअर घेतंय. मग इंजिन बंद करून थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, स्पिंडल बोटांत धरून हलवा. ‘स्लो स्पीड बसत नाही’ म्हणून वैतागलेल्या कित्येक मालकांचा आजार त्या स्पिंडलच्या झिजेत असतो आणि लेथवाला बुश मारून तो बरा करतो. एवढं करून गाडी गोड चालायला लागली, तर खुशाल इथेच थांबा. यात कमीपणा काही नाही.

थांबायचं नसेल तर कारण तरी धड असू दे. मायलेजसाठी हा खटाटोप करू नका, खर्च कधी वसूल होणार नाही. माझं कारण खंबाटकीचा घाट. मे महिन्यात, दुपारी, ट्रकमागे रांगत चढताना इंजिनाला चिकटलेला तो मेकॅनिकल पंप इतका तापायचा की आत पेट्रोल उकळून गाडी बंद. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि कठड्यावर बसून राहायचं. डिकीत त्यासाठी पाण्याची बाटली आणि जुना पंचा कायम असायचा. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, गारव्यात बसतो आणि पेट्रोल दाबाखाली ढकलतो, त्यामुळे ते सहसा उकळत नाही. दुसरं कारण हल्लीचं, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. कार्बोरेटरचा पेट्रोल सोडणारा जेट ठरलेल्या भोकाचा, त्याला हे कळायचं कसं? गाडी लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालते, तापते, पिकअप मार खातो. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर लावलेला ईसीयू ते आपलं आपण सांभाळून घेतो.

पाना उचलण्याआधी कागद बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना लागू होतं, तेव्हा आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते आणि इंजिनात फेरफार केलेला चालत नाही. सत्तरीच्या सुरुवातीची गाडी असेल तर व्हिंटेज गाडीला मिळणारा व्हीए नंबर हवा की इंजेक्शन, हे आजच ठरवा. माझा सल्ला विचाराल तर इतकी जुनी आणि अस्सल राहिलेली गाडी तशीच ठेवावी. हे प्रयोग नव्वदीतल्या पद्मिनीवर करावेत.

आता वीज. निम्मं काम इथेच आहे आणि सगळ्यात जास्त आळस इथेच होतो. जुन्या पद्मिनीला वीज करायला डायनॅमो असतो आणि आयडलिंगला तो जवळजवळ काहीच देत नाही. नव्या संसाराची भूक मात्र चोवीस तासांची. पंप चार-पाच अँपिअर ओढतो, ऑक्सिजन सेन्सरचा हीटर एखादा, त्यावर इंजेक्टर आणि ईसीयू. तेव्हा आयडलिंगलाही वीज देणारा अल्टरनेटर आधी. हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून, आयडलिंगला, बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट दिसेपर्यंत पुढचं पाऊल टाकू नका.

मग अर्थिंग. मल्टिमीटरचं एक टोक इंजिन ब्लॉकवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टच्या वर काटा गेला तर अर्थची पट्टी नवी घाला, रंग खरवडून उघड्या लोखंडावर आवळा. मी हे टाळलं होतं. गाडी चालू झाली, छान चालली आणि पहिल्याच सिग्नलला इंडिकेटर दिला तशी टिक-टिकच्या तालावर रेस वरखाली व्हायला लागली. मागचा रिक्षावाला हसत होता. ईसीयूचा अर्थ मी डॅशबोर्डखालच्या, इंडिकेटर ज्यावर होता त्याच गंजक्या बोल्टला दिला होता. ईसीयूची अर्थ वायर थेट इंजिनाला न्या आणि सगळ्या सेन्सरची अर्थ ईसीयूकडेच परत आणा.

प्लगच्या तांब्याच्या वायरी काढून रेझिस्टन्सवाल्या घाला, प्लगही आर अक्षराचे. नाहीतर स्पार्कच्या खरखरीने ईसीयू मधूनच रीसेट होईल आणि तुम्ही आठवडाभर प्रोग्राममध्ये चूक शोधत बसाल.

टाकी उतरवा. हो, उतरवाच. आत टॉर्च मारून बघा. वीस-तीस वर्षांचा गंज कार्बोरेटरच्या बाउलमध्ये बसून राहायचा, तो इंजेक्टरमध्ये बसला तर संपलं. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेतं. टाकी धुऊन, वाळवून, जादा पेट्रोल टाकीत परत आणणारा रिटर्नचा पाइप तिथेच जोडून घ्या, कारण टाकी परत बसवल्यावर वेल्डिंगचा विचारसुद्धा करायचा नाही. आणि वेल्डिंग पेट्रोलची वाफ पूर्ण काढून देणाऱ्या रेडिएटर-टाकीवाल्याकडेच. पंप टाकीच्या तळापेक्षा खाली बसवा. हे पंप ढकलण्यात वाघ, ओढण्यात शेळी. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर, पंपानंतर बारीक. जुना पंप पाव बारच्या आसपास दाब द्यायचा, इंजेक्शनचा तीन बारपर्यंत जातो. तेव्हा साधा पेट्रोल पाइप आणि दातेरी क्लिप चालणार नाही, ३० आर ९ छापलेला पाइप आणि गोल कडेच्या क्लिपा मागा. दुकानदार ‘हाही चालतो’ म्हणाला तर दुकान बदला. मेकॅनिकल पंपाच्या जागी झाकणपट्टी मारताना त्याची दांडीही काढा.

मेकॅनिकल पंप इंजिन थांबलं की थांबायचा, इलेक्ट्रिकला ते कळत नाही. त्याचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ईसीयूनेच चालवायला हवा, म्हणजे इंजिन फिरायचं थांबलं की दोन सेकंदांत पंप बंद. शिवाय धक्का बसल्यावर वीज तोडणारा इनर्शिया स्विच वायरीत घाला. हे दोन नसतील तर अपघातात तो पंप आगीत तेल ओततो, शब्दशः.

इथवर आलात की इंजेक्टर. हिशेब सोपा. एका अश्वशक्तीला तासाला साधारण २३० ग्रॅम पेट्रोल धरलं तर ४० ला ९.२ किलो, म्हणजे मिनिटाला सुमारे २०० सीसी. इंजेक्टर ८० टक्क्यांपर्यंतच वापरायचा म्हणून २६० आणि इथेनॉलसाठी थोडं वर, २८० पकडा. एका थ्रॉटल बॉडीत, म्हणजे हवेची झडप बसवलेल्या नळकांड्यात, एक इंजेक्टर पुरतो. चार सिलिंडरला चार लावायचे तर प्रत्येकी ७० सीसीचे लागतील. मोठ्या गाडीचे भंगारातून स्वस्तात आणले की आयडलिंगला गाडी काळा धूर ओकते. पद्मिनीला कार्बोरेटरच्या जागी एकच थ्रॉटल बॉडी बसवणं मला पटतं. टर्नरकडून १२ मिलिमीटर ॲल्युमिनियमची ॲडॅप्टर प्लेट करून घ्या, कार्बोरेटरखालचा उष्णता अडवणारा जाड पॅकिंग तसाच ठेवा आणि थ्रॉटलला परतीच्या स्प्रिंगा दोन लावा.

डेल्को, म्हणजे प्लगना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर, पहिल्या टप्प्यात राहू दे. ईसीयूला आरपीएम कॉइलच्या निगेटिव्हवरून मिळतं. पुलीवर दातेरी चक्र आणि क्रँक सेन्सर हे पुढच्या वर्षी. ऑक्सिजन सेन्सरचा नट मात्र आत्ताच, कार्बोरेटर वर असतानाच, सायलेन्सरच्या पुढच्या पाइपवर वेल्ड करून घ्या. सेन्सर आडव्यापेक्षा किमान १० अंश वर झुकलेला हवा, नाहीतर साचलेलं पाणी त्याला मारतं. त्यावर महिनाभर कार्बोरेटरचेच आकडे बघा. घाटात काय होतं, सिग्नलला काय, चोक ओढल्यावर काय. पहिला फ्युएल मॅप, म्हणजे ईसीयूने कधी किती पेट्रोल द्यायचं याचा तक्ता, भरताना हीच वही कामी येते.

पहिल्यांदा चालू करण्याआधी सेल्फ न मारता नुसता पंप चालवा आणि प्रत्येक जॉइंटवरून कोरडा टिश्यू फिरवा. पाच मिनिटं. एक माणूस अग्निशामक नळकांडं हातात घेऊन उभा पाहिजे, सिगारेट न ओढणारा.

क्रायस्लरने १९५८ साली इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या मोजक्या गाड्या विकल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींना नंतर परत कार्बोरेटर बसवावे लागले. म्हणून पहिले सहा महिने डिकीत एक डबा ठेवा. त्यात साफ केलेला जुना कार्बोरेटर, नवं गॅस्केट, जुना पंप दांडीसकट, दोन रिले, फ्यूज आणि १३ चा पाना. मी पंचाही काढलेला नाही.