थिनरचा खोका परत आला तेव्हा

भोसरीतल्या आमच्या युनिटमधून थिनरचे एक-एक लिटरचे चार डबे विमानाने पाठवायचे होते. लोहगाव विमानतळाहून खोका दुसऱ्याच दिवशी परत. कागदपत्रं बरोबर होती, मग अडलं कुठे?

पट्टी घेऊन बसलो. ज्वलनशील द्रवाचं लाल, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचं लेबल, धोकादायक मालाचा वर्ग ३, प्रत्येक बाजू किमान १०० मिमी हवी. आमची भरली ९४! प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'फिट टू पेज' राहून गेलं होतं. ते 'ॲक्च्युअल साइज' केलं आणि पुन्हा छापलं.

मग खोका फिरवून पाहिला. उभ्या बाणांची खूण एकाच बाजूला. ती समोरासमोरच्या दोन बाजूंना लागते. आणि खोका जुना, तळाशी ॲसिडचं अर्धवट फाटलेलं लेबल तसंच. हे मला सगळ्यात गंभीर वाटलं. गळती झाली तर माल उचलणारा माणूस त्या चित्रावरच विसंबून हात घालतो.

खोका बदलला, तोही यूएन प्रमाणित, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या नियमांनुसार तपासलेला. 'यूएन १२६३' हा थिनरसारख्या मालाचा क्रमांक आणि 'पेंट रिलेटेड मटेरियल' हे नाव लेबलशेजारी, त्याच बाजूवर. पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता. आता पट्टी पॅकिंगच्या टेबलालाच बांधून ठेवली आहे.