नर्सरी-केजीला नवीन लागलात? या चुका टाळा (इंदूरच्या टीचर मंडळींसाठी खास)

एप्रिल लागला की इंदूरमधे दरवर्षी हेच असतं. सुदामा नगर घ्या, लोकमान्य नगर घ्या, रामबाग घ्या, दर दोन गल्ल्यांआड एक प्ले स्कूल आहेच आणि तिथे कोणाची तरी मुलगी नाहीतर सून नवीन लागलेली असते, एनटीटी (नर्सरी टीचर ट्रेनिंग) केलेली किंवा तेही न केलेली. घरचे म्हणतात, लहान मुलांनाच तर शिकवायचंय, त्यात काय एवढं! मग आठवड्याभरात घसा बसतो, कंबर धरते आणि रात्री मेसेज येतो, "ताई, एक मुलगा सगळ्यांना चावतोय हो, काय करू?" प्रत्येकीला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि खाली जे काही लिहिलंय ते बरंचसं यातूनच निघतं. तीन-चार वर्षांचं मूल बिघडल्यासारखं वागायला लागलं की आधी त्याचं अंग बघा, स्वभाव नंतर. भूक, झोप, सू-सू, टोचणारा बूट, घाम, सर्दीने बंद झालेलं नाक. दहातल्या सात-आठ तक्रारी इथेच मिटतात, हा माझा अंदाज आहे, कुठलं संशोधन वगैरे नाही.

चूक: रडणाऱ्या मुलाला फसवून गप्प करणं

"मम्मी पाँच मिनट में आ रही है" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक टीचर बोलते आणि ते सोडाच. मुलाला पाच मिनिटं कळत नाहीत पण आई आली नाही हे बरोब्बर कळतं, आणि मग उद्यापासून तुमच्या कुठल्याच बोलण्यावर त्याचा विश्वास राहत नाही. त्यापेक्षा क्रम सांगा, आधी खेळणार, मग डबा, मग गोष्ट, मग आई. रोज तोच क्रम, त्याच शब्दांत. डबा झाला की आठवण करून द्यायची, बघ डबा झाला, आता गोष्ट राहिली. दुसरं म्हणजे आईला मागच्या दाराने पळू देऊ नका. ती नजर चुकवून गेली की मूल दुसऱ्या दिवशी तिचा पदर, ओढणी जे हाताला लागेल ते घट्ट धरून ठेवतं. टाटा करायचा, एक पापी, आणि निघायचं, गेटवर रेंगाळायचं नाही.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे, ती बाहेरगावच्या टीचरना कळत नाही. सत्र एप्रिलमधे सुरू होतं, मुलं जेमतेम रुळतात आणि मे लागला की सुट्टी. जूनमधे परत पहिल्यापासून रडारड. तेव्हा एप्रिलमधे शांत बसणारं मूल जूनमधे रडलं तर त्याला काही झालंय असं समजून घाबरू नका, त्याच्या दृष्टीने ही नवीनच शाळा आहे. आणि वैनने येणारी मुलं वेगळी मोजा. त्यांचं आईपासून सुटणं घरच्या फाटकाशीच होऊन गेलेलं असतं, तुमच्यापर्यंत येतं ते अर्धवट झोपेतलं, उपाशी, गर्दीत चेपलेलं मूल. त्याला आल्या आल्या प्रार्थनेला उभं करू नका हो, पाणी पाजा, दहा मिनिटं नुसतं बसू द्या.

चूक: डायरीत 'अग्रेसिव्ह' लिहून मोकळं होणं

एक उदाहरण सांगते. एका शाळेत एक मुलगी होती, अगदी गोड, पण मधली सुट्टी झाली की हिचं मारणं सुरू, कोणाचे केस ओढ, कोणाचे क्रेयॉन फेक. तिच्या टीचरने डायरीत लिहून पाठवलं, घरच्यांनी मुलीला दटावलं, फरक शून्य. शेवटी आयाबाईंच्या लक्षात आलं की हिचा डबा रोज भरलेलाच परत जातो. तो चारी बाजूंनी क्लिपवाला नवीन डबा होता, कार्टूनवाला, महागाचा, आणि त्या क्लिपा उघडायची ताकद तिच्या अंगठ्यात नव्हतीच. सगळ्यांचे डबे उघडे, ही झाकण ओरबाडतेय, मदत मागायची लाज, घंटी झाली की डबा बॅगेत. साधा स्टीलचा डबा आला, आठवड्यात मारामारी बंद. यात मानसशास्त्र कुठेच नाही, नुसती भूक.

म्हणून पहिल्याच आठवड्यात हे करा, प्रत्येक मुलाला स्वतःचा डबा, बाटली, बूट आणि चड्डी उघडायला लावून बघा. जे उघडत नाही ते घरी कळवा. युनिफॉर्मचा बेल्ट तर मला कळतच नाही कशाला असतो नर्सरीला. सू-सू लागल्यावर मूल धावत जातं, बेल्टशी झटापट करतं, आणि तिथेच होतं, मग वर्गात हसणं, मग दुसऱ्या दिवशी शाळेला नाही म्हणणं. इलॅस्टिकवाली चड्डी, विषय संपला. आणि शाळेने बेल्ट सक्तीचा केला असेल तर वर्गात आल्यावर काढून खुंटीला लावा, निघताना घाला, कोणी बघत नाही.

याच्यातलाच पुढचा प्रकार म्हणजे "इंग्लिश में बोलो तब जाने दूँगी". काही शाळांत मुलाने 'मे आय गो टू टॉयलेट' पूर्ण म्हटल्याशिवाय जाऊ देत नाहीत. अहो, घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्लिश, अशा तीन भाषांच्या मधे ते मूल उभं आहे आणि पोटात कळ आलीय! बोट दाखवलं तरी सोडा, नुसतं पाय आवळून उभं राहिलं तरी ओळखा. मराठी घरातलं मूल असेल तर घरी कुठला शब्द वापरतात तो पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि आयाबाईंनाही सांगून ठेवा. चावण्याचंही बऱ्याचदा हेच असतं, "दे ना", "सरक" हे शब्द वेळेवर सापडत नाहीत म्हणून दात सापडतात. ज्याला चावलंय त्याला आधी बघा, जखम साबण-पाण्याने धुवा, मग चावणाऱ्याला थोडक्यात सांगा, चावायचं नाही, दुखतं, पाहिजे असेल तर हात पुढे कर. त्याला उलट चावून दाखवा असं सांगणाऱ्या आज्या भेटतील, त्यांना हसून हो म्हणायचं आणि करायचं काही नाही. मारणं, कान पिळणं, बाथरूममधे बंद करणं हे तर बोलायलाच नको, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे, आणि आपल्या वर्गातलं मूल त्या कायद्याच्या वयाहून लहान आहे म्हणजे आपल्याला सूट मिळते असं नाही.

चूक: वहीत लवकर लिहून घेणं

याच्यावर मी खूप बोलू शकते त्यामुळे स्वतःला आवरतेय. जूनमधे आलेलं मूल, आणि दिवाळीपर्यंत एक ते पन्नास लिहून पाहिजे, का तर शेजारच्या शाळेतला चिंटू लिहितो. मनगटात आपल्या 8 छोटी हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच, कूर्चा असते, आणि मग एकेक करून कित्येक वर्षं ती पक्की होत जातात. तीन वर्षांच्या हातात पेन्सिल कोंबून ओळी गिरवून घेतल्या की मूल पेन्सिल मुठीत आवळतं, मान वाकडी करतं, पानाला भोक पाडतं आणि लिहायचा कायमचा कंटाळा घेऊन पुढच्या वर्गात जातं. पेन्सिल धरत नसेल तर पेन्सिल लांब ठेवा. कणीक मळणं, कपड्याचे चिमटे लावणं, मटार सोलणं, पोळपाटावर सांडलेल्या रव्यात बोटाने रेघा, भिंतीवर ओल्या ब्रशने रंगवायचं नाटक. आणि एक युक्ती, क्रेयॉन आणि खडू अख्खे देऊ नका, मोडून बोटाच्या पेराएवढे तुकडे द्या. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप अंगठा आणि दोन बोटांत येतो. ब ला भ, 3 उलटा, नाव आरशातल्यासारखं, हे सगळं पाच-सहा वर्षांपर्यंत चालतं, लाल पेनाने गोल करू नका.

पालक विचारतीलच, मग शिकणार कधी? त्यांना सांगा की नवीन शैक्षणिक धोरण 2020 चं आहे, त्यात 3 ते 8 वर्षं हा एकच टप्पा धरलाय आणि पहिलीचं वय 6 आहे, आणि 2022 मधे त्या टप्प्याचा जो अभ्यासक्रम आराखडा आला त्यातही भर खेळावर आहे. सरकारी कागदाचं नाव घेतलं की आपल्याकडे माणूस जरा ऐकतो. ज्यांना कागद पटत नाही अशा आजी-आजोबांना ताराबाई मोडकांचं नाव सांगा, अनुताई वाघांबरोबर त्यांनी 1945 मधे बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं आणि मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. जुनी मराठी माणसं हे नाव ओळखतात.

बरं, इंदूरच्या मुलांना एक गोष्ट जन्मजात येते, गीला कचरा आणि सूखा कचरा! 2017 पासून शहर स्वच्छतेत नंबर लावतंय, रोज सकाळी कचरा गाडी येते आणि तीन वर्षांचं पोर आजीला ओरडून सांगतं की केळ्याचं साल त्यात नाही, यात. हे फुकटचं वर्गीकरण आहे, वापरा की. दोन टोपल्या, पानं, कागद, शेंगांची टरफलं, बाटलीची झाकणं, आणि मुलं अर्धा तास गुंग. पुढे तेच लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत असं करत न्या.

चूक: तोंडात आणि नाकात काय जातंय हे न बघणं

इथे मात्र गंमत नाही. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं नको, श्वासनलिकेत अडकतात. आपल्या डब्यात रोज पोहे, आणि मराठी घरातल्या पोह्यात शेंगदाणे असणारच, तेव्हा पालकांना सांगा की कूट घाला नाहीतर काढा, द्राक्षं उभी चिरून द्या. खाताना हसवू नका, पळवू नका. जानेवारीत बोरन्हाण करतात काही शाळांत, फोटो फार छान येतात, पण बोरं, चणे, हलवा, गोळ्या डोक्यावरून सांडतात आणि खाली बसलेली दहा मुलं ते उचलून तोंडात टाकतात. करायचंच तर चुरमुरे आणि मोठी बिस्किटं घ्या, बिया-दाणे नकोत.

अडकलंच तर, मूल खोकत असेल आणि आवाज निघत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने जोरात 5 थापा, नाही निघालं तर मागून धरून बेंबीच्या वर मूठ ठेवून 5 वेळा आत आणि वर दाब, परत थापा, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी अँब्युलन्ससाठी 108 लावायचा. घशात बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. नाकात मणी गेला तर पिन, चिमटा काही घालू नका, डॉक्टरकडे. आणि राखीच्या दिवसांत लाइटवाल्या राख्या बघून ठेवा, त्यात बटण सेल असतो. तो गिळला किंवा नाकात गेला तर संध्याकाळची वाट बघायची नाही, घरच्यांना फोन करता करताच हॉस्पिटल गाठा, तो सेल दोन-तीन तासांतही आतली त्वचा जाळतो.

पावसाळ्यात तळहातांवर, तळपायांवर फोड आणि तोंडात छाले दिसले की मूल घरी, परीक्षा असली तरी (नर्सरीला परीक्षा कसली पण असते ना). फेब्रुवारी आणि ऑगस्टमधे जंताची गोळी येते तेव्हा पालकांना आधी कळवा आणि लहानांना चूर्ण करून पाण्याबरोबर द्या, अख्खी गिळायला लावू नका.

चूक: वॉट्सॲप ग्रुपवर तक्रार

"आज आरवने फिर से मारा" असं ग्रुपवर टाकलंत की संपलं, सोळा मम्म्या, सोळा मतं, आणि आरवची आई रडत फोन करते. एकाच मुलाबद्दल असेल तर त्याच्याच घरी बोला, तेही गेटवर सगळ्यांसमोर नाही. आधी काय चांगलं केलं ते, मग काय झालं ते, मग घरी झोप कधी, जेवण कधी, नवीन बाळ झालंय का, कोणी गावाला गेलंय का. "काकू, हा आज दोनदा विचारत होता आजोबा कधी येणार," एवढं आजीला म्हटलं तरी ती आपोआप सगळं सांगते. रडणाऱ्या मुलाचा फोटो कधीच टाकू नका. आणि घ्यायला रोजच्यापेक्षा वेगळं कोणी आलं तर मूल "चाचू!" म्हणून धावलं तरी घरी फोन केल्याशिवाय सोडायचं नाही, वाईट वाटलं तर वाटू दे.

एखादं मूल अंगाला कोणी हात लावण्याबद्दल काही बोललं, किंवा कपडे बदलताना खुणा दिसल्या, तर खोदून खोदून विचारू नका आणि "ऐसा नहीं बोलते" तर मुळीच म्हणू नका. शांतपणे ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, चाइल्डलाइन 1098 किंवा पोलिसांना कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा आहे आणि माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे, शाळेचं नाव खराब होईल वगैरे कोणी समजावलं तरी.

आणि तुमचं स्वतःचं

घसा. वीस मुलांवर ओरडून कोणी जिंकलेलं नाही. टाळीचा ठेका ठरवा, तुम्ही दोन टाळ्या, मुलांच्या तीन, किंवा दिवा बंद-चालू. घसा बसला असेल तर कुजबुजूनही बोलू नका, त्यानेही ताण येतो, एक दिवस खुणांनी चालवा, मुलांना तर मजाच येते. कमरेसाठी वाकून बोलणं सोडा, एक बुटकं स्टूल मागून घ्या आणि त्यावर बसून फिरा. ऑफिसमधे "बजेट नाही" म्हणतील, तर राजवाड्याजवळच्या बाजारातून प्लास्टिकचं पाटासारखं आणा, पण आणा. आणि हो, तुमची सू-सू पण दाबून ठेवू नका, आयाबाईंशी ठरवून घ्या की डब्याच्या वेळेला ती पाच मिनिटं वर्गात उभी राहील, कारण टीचरना होणारा युरिन इन्फेक्शनचा त्रास बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो आणि स्टाफरूममधे त्याबद्दल कोणी बोलत नाही.