ओपीडीची रांग मोजायला जाण्याआधी

वही, घड्याळ, अधीक्षकांची लेखी परवानगी, हे सांगायला नको. लीनची, म्हणजे कामातली नासाडी शोधून काढून टाकायच्या पद्धतीची, मूळ कल्पनाही तुम्हाला ठाऊक असेल: टोयोटात ताइची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार मांडले, त्यांतला वाट पाहणं हा प्रकार आपल्या ओपीडीत सगळ्यात आधी दिसतो.

आता नीट ऐका. घड्याळ केसपेपरच्या खिडकीवर सुरू करू नका, गेटवर करा. गेल्या खेपेला आम्ही खिडकीवर सुरू केलं. खिडकी आठला उघडायची आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या केरी गावाहून पहिल्या बसने आलेली आजी साडेसहापासून बाकावर बसलेली. तिचा दीड तास आमच्या तक्त्यात आलाच नाही. आम्ही टोकन सुरू केलं, कागदावर सरासरी उतरली, हॉल मात्र होता तसाच भरलेला. सहा आठवड्यांची मेहनत गेली, आणि आजीला काहीच मिळालं नाही, त्याचं जास्त वाईट वाटतं.

म्हणून गेटवरच प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी द्या, वर वेळ लिहा. डॉक्टर, रक्त तपासणी, फार्मसी, जिथे जाईल तिथे वेळ टाकायची आणि बाहेर पडताना चिठ्ठी परत घ्यायची. आकडे खरे आहेत का तेही पडताळा: तासाला 40 माणसं येत असतील आणि आवारात सतत 80 दिसत असतील, तर माणशी सरासरी दोन तास जातात. तक्ता पाऊण तास म्हणत असेल तर घड्याळ उशिरा लागलंय. गेटवर जा.

खिडकीवरचा क्लार्क, सिस्टर, अटेंडंट यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. अडतं कुठे ते त्यांनाच माहीत असतं, आणि चौकशीला आलाय असं वाटलं तर कोणी बोलणार नाही. रुग्णाशी कोंकणीत बोला, कन्नड येणारं एक माणूस हवंच. सोमवार चुकवू नका, गणेश चवथीचा आठवडा टाळा.

मग रुग्ण कुठून कुठे चालतो ते नकाशावर रेघांनी काढा. कपाटं आवरा. एका वेळी एकच बदल, दोन आठवडे थांबा, परत मोजा, गेटवरूनच. पावसात गेटवरच्या टेबलावर ताडपत्री लागेल, आणि वेळ पेन्सिलीने लिहा, शाई पसरते.