नाव खोडलं, तरी घर ओळखू आलं

उमरेडहून भिवापूरकडे जाताना लागणाऱ्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या खोलीत बसून मी आमच्या अहवालाचा मसुदा वाचून दाखवत होते. समोर सात-आठ आशाताई होत्या. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या सर्वेक्षणात आमच्यासोबत दारोदार त्याच फिरल्या होत्या, म्हणून छापण्याआधी निष्कर्ष त्यांना ऐकवायचे असं ठरलं होतं. एका परिच्छेदात वाक्य होतं: ‘३१ वर्षांची, जुळ्या मुलींची आई, घरी शिवणकाम करते, पती ट्रकचालक, दोन्ही मुली सिकलसेलग्रस्त.’ नाव नव्हतं. गावाचं नावही नव्हतं, फक्त तालुका होता.

वाक्य पुरं व्हायच्या आत मागून एक ताई म्हणाल्या, ‘हे तं आमच्या टोलीवरची सून होय ना जी!’ आणि त्यांनी नाव घेतलं. नाव बरोबर होतं.

खोलीतल्या ताईंना ती गोष्ट आधीच माहीत होती, त्यामुळे त्या क्षणी बाहेर काही फुटलं नाही. पण माझ्या हातापायातलं बळ गेलं. सिकलसेलचा आजार व्हायला आई आणि बाप, दोघांकडून एकेक सदोष जनुक यावं लागतं. दोन्ही मुली ग्रस्त आहेत, म्हणजे बाप निदान वाहक (एकच सदोष जनुक असलेला) तरी आहे. बाप वाहक असेल तर त्याची सख्खी बहीणही वाहक असण्याची शक्यता आहे. आणि त्या घरात लग्नाची नणंद होती. तिने आमच्या कुठल्याच फॉर्मवर सही केलेली नव्हती, तिचं रक्तही आम्ही घेतलं नव्हतं. तरी माझ्या एका वाक्याने तिच्याबद्दलचा संशय तालुकाभर जाऊ शकत होता. विदर्भात सिकलसेलच्या नावाने सोयरिका मोडतात, हे इथे काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

मसुदा तोपर्यंत तीन ठिकाणी पोचला होता: नागपुरातली आमची टीम, पुण्यात आकडेमोड करणारी संस्था आणि परदेशातलं एक विद्यापीठ. वाक्य माझं होतं. मुलाखतीतून ते मीच उचललं होतं, कारण ते वाचताना माणूस डोळ्यांसमोर उभं राहत होतं. सगळ्यांना मसुदा पुसायला सांगितलं आणि तसं लेखी उत्तर मागितलं. शेवटचं उत्तर यायला नऊ दिवस लागले. मधल्या काळात मी त्या बाईंकडे गेले आणि काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘माह्यं काही नाई मॅडम, पोरींचं तं समद्यांले मालूम हाय. नणंदेचं जमवून रायलो, तेवढं सांभाळा.’

तुमच्यापैकी बरेच जण एमएसडब्ल्यू किंवा एमपीएच संपवून पहिल्यांदा अशा प्रकल्पावर ‘फील्ड इन्व्हेस्टिगेटर’ म्हणून लागणार आहात. तुमच्या हातून हे होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, सुरुवात ओट्यावर होते, कॉम्प्युटरवर नाही. आपण जातो तेव्हा सासू खाटेवर बसलेली असते, शेजारीण दाराशी आलेली असते, आणि आपण त्याच ठिकाणी विचारतो, ‘याआधी किती गर्भपात झाले?’ पुढे कितीही कुलपं लावली तरी ती माहिती तिथेच फुटलेली असते. मी आता मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात बसते, नाहीतर अंगणवाडी सुटल्यावर तिथे बोलावते. वेळ जास्त लागतो. दिवसाला बारा मुलाखतींचं टार्गेट देणाऱ्या सुपरवायझरला हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा.

संमतीपत्रात ‘आपली माहिती पूर्णपणे गोपनीय राहील’ असं एक वाक्य सगळीकडे चिकटवलेलं दिसतं. सहयोगी संशोधनात ते वाक्य खरं नसतं, कारण माहिती दुसऱ्या संस्थेला जाणारच असते. मग तसंच लिहा: नाव काढलेली माहिती कोणत्या संस्था वापरतील, परदेशात जाईल का, किती वर्षं राहील, नंतर नको वाटलं तर कुणाला फोन करायचा. सर्वेक्षणात भाग घेण्याचा होकार वेगळा आणि माहिती पुढे देण्याचा होकार वेगळा घ्या, दोन स्वतंत्र खुणा. आमच्याकडे काही जणींनी पहिल्यावर हो आणि दुसऱ्यावर नाही म्हटलं, आणि तो त्यांचा हक्क आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी पालकांची संमती तर लागतेच, शिवाय भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही मागतात. ही तत्त्वं नीट वाचा, एथिक्स कमिटीचे अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. परदेशी निधी किंवा परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यताही लागते, आणि तिला वेळ लागतो.

आता नावाबद्दल. अमेरिकेत १९९७ साली लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरची रुग्णालयातली नोंद शोधून काढली होती. नावं काढलेली रुग्णांची यादी आणि बाजारात मिळणारी मतदार यादी तिने शेजारी ठेवली, जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा कोड जुळवला, आणि माणूस सापडला. पुढे २००० साली तिने मांडलं की या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. आपल्या मतदार यादीत तर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असं सगळं ओळीने छापलेलं असतं. तीनशे उंबऱ्यांच्या गावात ते जुळवायला कॉम्प्युटरही लागत नाही, एक आशाताई पुरते.

म्हणून आता प्रत्येक कॉलमला मी एकच प्रश्न विचारते: हा कॉलम काढला तर विश्लेषण अडेल का? जन्मतारखेऐवजी वय पुरतं, बहुतेक वेळा वयोगट पुरतो. गावाऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्र पुरतं. व्यवसायात ‘शिवणकाम’ न लिहिता ‘घरगुती रोजगार’ लिहिलं तरी चालतं. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये घराचं लोकेशन घ्यायचा प्रश्न अनेकदा उगाच ठेवलेला असतो. अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत असतील तर सुमारे अकरा मीटरवर घर सापडतं. दोनच स्थळं ठेवली तर साधारण किलोमीटरभराचा परिसर कळतो. लागतच नसेल तर तो प्रश्न फॉर्ममधून काढूनच टाका.

सगळ्यात धोक्याचा कॉलम ‘शेरा’. आपण थकून तिथे काहीही लिहितो: ‘सरपंचांच्या भावाचं घर’, ‘पोलीस पाटलांनी आणून दिलं’, ‘मुलगी मेयोत ॲडमिट’. माझ्या अनुभवात नावाच्या कॉलमपेक्षा शेऱ्याने जास्त घरं उघडी पाडली आहेत. फाईल पाठवण्याआधी शेऱ्याची प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घाला, नाहीतर तो कॉलम पाठवू नका.

आनुवंशिक आजारात आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यावर मोकळेपणाने कुणी बोलत नाही. कुटुंब क्रमांकाने लावलेल्या तक्त्यात कधी कधी मूल ग्रस्त असतं आणि बापाच्या पुढे ‘सामान्य’ लिहिलेलं असतं. नमुन्यांची अदलाबदल झालेली असू शकते, तपासणी चुकलेली असू शकते, दुसरं कारणही असू शकतं. पण तो तक्ता गावात कुणाच्या हाती लागला तर दुसऱ्या दिवशी त्या बाईचा संसार मोडेल. अशा ओळी शोधून डॉक्टरांशी एकांतात बोला. आई, बाप आणि मूल यांना जोडणारा कुटुंब क्रमांक बाहेरच्या फाईलमध्ये जाऊ देऊ नका. भागीदाराला तो हवाच असेल तर कशासाठी, हे त्याने लेखी द्यावं.

सांकेतिक क्रमांक देताना नावाची अक्षरं, मोबाइलचे शेवटचे चार आकडे किंवा घरांचा क्रम वापरू नका. ते परत नावापर्यंत पोचवतात. आकडे विस्कटून द्या, आणि कोणता आकडा कोणाचा ही यादी वेगळ्या, पासवर्डने बंद केलेल्या ठिकाणी ठेवा. ती उघडणारे दोनच जण असावेत. एक लक्षात ठेवा, ही यादी आपल्याकडे शिल्लक आहे तोवर आपल्यासाठी सांकेतिक क्रमांकाची माहितीसुद्धा वैयक्तिकच असते. २०१८ पासून लागू असलेला युरोपचा डेटा संरक्षण कायदा हेच सांगतो, म्हणून युरोपातला भागीदार याबाबत काटेकोर असतो. त्याचा राग धरू नका.

आपला देशी डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यात संशोधनाला सूट आहे, पण अट अशी की त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरलेले मापदंड पाळायचे. आमच्यासारखं सर्वेक्षण तपासणीचा निकाल हातात देऊन बाईला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पाठवतं. तिथे ही सूट आपोआप मिळते असं धरून चालू नका, संस्थेच्या कायदा सल्लागाराला विचारा. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा ऐकल्यावर वरिष्ठ लगेच ऐकतात, हेही सांगून ठेवते.

कायद्याची भाषा शिकवणारे भेटतील. झेरॉक्सच्या दुकानाबद्दल मात्र कुणी सांगत नाही. नागपुरात बर्डीवर किंवा मेडिकल चौकात आपण फाईल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर टाकतो, प्रिंट घेतो आणि निघतो. ती फाईल त्याच्या ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते. सहभागींच्या याद्या बाहेर छापू नका. छापाव्याच लागल्या तर पेन ड्राइव्हवरून, स्वतः समोर उभं राहून छापा. संमतीपत्रांचे फोटो स्वतःच्या मोबाइलने काढू नका, बॅकअप चालू असेल तर ते आपसूक गुगल फोटोजवर चढतात आणि घरच्या टॅबवर दिसतात. कामाच्या ग्रुपवर नाव आणि निकाल एकत्र टाकू नका, ‘अर्जंट’ असलं तरीही. आणि प्रकल्प संपल्यावर कागदांचे गठ्ठे रद्दीत जातात, तेव्हा त्यातल्या सह्या आणि अंगठे कुठे पोचतात याचा विचार करा. आम्ही श्रेडर घेतला आणि कागद नष्ट केल्याची नोंद वहीत दोघींच्या सहीने केली.

एक्सेलचा एक फटका मला फार उशिरा कळला. पिव्होट टेबल (मूळ तक्त्यावरून आपोआप बेरजा मांडणारा तक्ता) असलेली फाईल ‘फक्त सारांश’ म्हणून आपण पाठवतो. पण मूळ तक्ता तिच्या पोटात साठलेला असू शकतो. आकड्यावर दोनदा क्लिक केलं की त्यामागच्या ओळी उलगडून समोर येतात. सारांश पाठवायचा तर नुसते आकडे नव्या फाईलमध्ये चिकटवा. लपवलेले कॉलम, लपवलेली शीट आणि वर्डमधल्या जुन्या दुरुस्त्या, हे सगळं समोरच्याला दिसतं असंच समजा.

सारांशाच्या तक्त्यातही माणूस सापडतो. ‘तपासले ४२, ग्रस्त १’ असं एखाद्या गावापुढे छापलं तर तो एक कोण हे गाव सांगतं. आम्ही पाचपेक्षा लहान आकडा छापत नाही. आणि एकूण बेरीज दिलेली असेल तर वजाबाकी करून तो काढता येऊ नये म्हणून शेजारचा आणखी एक आकडाही झाकतो. पुण्याच्या टीमशी यावरून माझा वाद झाला होता. त्यांना गावनिहाय नकाशा हवा होता. शेवटी आरोग्य केंद्रनिहाय नकाशावर जुळलं, आणि धोरणासाठी तोच पुरेसा ठरला.

भागीदार संस्थेशी करार मुलाखती सुरू होण्याआधी करा. नंतर कुणाला सवड नसते. कोणते कॉलम जातील, कोण उघडेल, कोणत्या कामाला वापरतील, तिसऱ्याला देणार का, लोकांची ओळख शोधायचा प्रयत्न करणार नाही ही हमी, कधी पुसणार, आणि चूक झाली तर किती तासांत कळवणार. शेवटचा मुद्दा आमच्या पहिल्या करारात नव्हता, म्हणून ते नऊ दिवस लागले. आता तिथे ४८ तास लिहिलेलं आहे. फाईल एन्क्रिप्ट करून पाठवतो आणि पासवर्ड फोनवर सांगतो, त्याच मेलमध्ये कधीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात पारशिवनी तालुक्यातून एका मुलीचा फोन आला. सर्वेक्षणाच्या वेळी ती सतरा वर्षांची होती, सही तिच्या वडिलांनी केली होती. ‘मॅडम, माझी माहिती काढून टाकता येते का?’ कारण तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. यादी उघडली, क्रमांक सापडला, आमच्या फाईलमधून तिची ओळ काढली आणि दोन्ही भागीदारांना तो क्रमांक कळवला. पुण्याचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं, परदेशातलं दुसऱ्या दिवशी. जे आकडे आधीच छापून गेले होते त्यातून तिला वेगळं काढता येणार नव्हतं, आणि तेही मी तिला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, ‘त्यात माझं नाव तर नाही ना?’ मी म्हटलं, नाव नाही, गाव नाही, वय नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग ‘बरं’ म्हणाली.