साहेबाचा कर आणि त्याच्या माणसाचा कर: जुनं प्रकरण वाचायची रीत

परकीय प्रजेवर कर बसवण्याचं एखादं जुनं प्रकरण हाती आलं की बहुतेक जण साहेबापासून सुरुवात करतात. साहेब कोण, कुठल्या देशाचा, पत्रात काय म्हणतो. माझं सांगणं असं, की आधी त्याच्या पदरच्या माणसाचं नाव शोधा. कारकून, शिरस्तेदार, पट्टेवाला, बटलर, मोतद्दार, मिशनच्या शाळेतला मास्तर, जो कुणी असेल तो. साहेब मोजके असत आणि त्यांच्याकडून येणारी रक्कम बेताची. राज्यकर्त्याला खरी धास्ती असे ती साहेबाच्या आडोशाला आणखी किती जण जाऊन उभे राहतील याची.

मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत व्यापाऱ्यांची विक्रीकराची कामं करत आलो, मोडी पुढे शिकलो. त्यामुळे कराच्या कागदाला मी पेढीवरचेच प्रश्न विचारतो: देणारा कोण, घेणारा कोण, कशावर आणि कुठल्या कलमाखाली. विद्यापीठातली मुलं प्रबंधासाठी कागद घेऊन येतात, तेव्हा त्यांना जे सांगतो तेच इथे मांडतो.

माणूस कुणाची प्रजा?

कोल्हापुरातल्या एका बंगल्याचं उदाहरण घेऊ. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथे आले, आणि पुढे अमेरिकन मिशनचं काम इथे रुजलं. समजा, अशा एखाद्या बंगल्यात चार माणसं कामाला आहेत. स्वयंपाकी गोव्याचा, म्हणजे पोर्तुगीज प्रजा. लिहिणारा रत्नागिरीचा, म्हणजे ब्रिटिश प्रजा. माळी करवीरचा, म्हणजे महाराजांची प्रजा. मास्तर चिकोडीचा, चिकोडी बेळगाव जिल्ह्यात, म्हणून तोही ब्रिटिश प्रजा. मालक अमेरिकन. पगार एकाच हाताने मिळतो, पण कराच्या बाबतीत या पाच जणांची चार वेगळी प्रकरणं होतात.

म्हणून टिपणवहीत पहिला रकाना गावाचा ठेवा. सांगली आणि मिरज ही वेगळी संस्थानं होती, हे विसरू नका. कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड यांची नावं आली तर जास्तच सावध राहा. ही कोल्हापूरच्या ताब्यातली जहागीर ठिकाणं, पण १८६२ च्या करारात मोठ्या जहागीरदारांवरची देखरेख इंग्रजांनी सोडली नव्हती. तिथल्या माणसाबद्दल दरबार एक म्हणेल, एजन्सी, म्हणजे इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटाची कचेरी, दुसरंच म्हणेल.

जागाही बघा. रेसिडेन्सीच्या हद्दीतला माणूस आणि शहरातल्या पेठेतला माणूस यांना एका मापाने मोजता येत नाही. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. संस्थानांतल्या रेल्वेच्या जमिनीवरची हुकमत इंग्रज आपल्याकडे मागून घेत. तेव्हा प्रकरण स्टेशनाच्या आवारातलं की बाहेरचं, हे कागदावरून नक्की करूनच पुढे जा.

कर कशावर?

जमिनीवर, मालावर, घरावर की मिळकतीवर, हे ठरल्याशिवाय वादाचं टोक सापडत नाही. जगभरच्या अशा वादांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जमिनीवरच्या करातून परकीयाला सुटणं अवघड जाई, कारण जमीन उचलून नेता येत नाही. तुर्कस्तानच्या ऑटोमन सरकारने १८६७ मध्ये परकीयांना स्थावर मालमत्ता घ्यायची मुभा दिली ती स्थानिकांइतकाच कर भरण्याच्या अटीवर. इजिप्तमध्ये परकीयांच्या घरांवर कर बसवायचा तर युरोपीय सत्तांची संमती लागे. ती तत्त्वतः १८८५ मध्ये लंडनला मिळाली. आपल्याच राज्यातल्या घरावर कर घ्यायला सहा दरबारांचे उंबरे झिजवायचे, यातला अपमान मला आजही बोचतो.

मोरोक्कोचा धडा

नोकरांचा प्रश्न समजून घ्यायचा तर माद्रिदचा करार वाचाच. ३ जुलै १८८० चा, मोरोक्को आणि परकीय सत्तांमधला. मोरोक्कोत परकीय व्यापाऱ्यांचे स्थानिक दलाल असत, त्यांना सेमसार म्हणत. १८६३ मध्ये फ्रान्सशी झालेल्या करारात एका पेढीला दोन दलाल अशी मर्यादा घातली होती. त्यांना सुलतानाचा अंमलदार सहजासहजी हात लावू शकत नसे. मग असं संरक्षण विकत मिळू लागलं, आणि करदात्यांच्या यादीतून ऐपतदार माणसं गळू लागली. उरलेला बोजा कुणावर पडला असेल ते सांगायला नको.

माद्रिदला सुलतान मौलाय हसन यांच्या दरबाराने हे आवरायचा प्रयत्न केला. परकीय सत्तेच्या कॉन्सलला, म्हणजे वाणिज्यदूताला, एक दुभाषी, एक शिपाई आणि दोन घरगडी एवढीच स्थानिक माणसं संरक्षणाखाली ठेवता येतील, असं ठरलं. विशेष कामगिरीबद्दल द्यायचं संरक्षण एका सत्तेला बारा जणांपुरतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, शेतीवरचा कर आणि ओझ्याच्या जनावरांवरची वेशीची पट्टी परकीयांनी आणि त्यांच्या आश्रितांनीही भरायची. तरी दलालांची प्रथा बंद झाली नाहीच.

हा करार बाजूला ठेवून कोल्हापूरकडे या, म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. १८१२ पासूनच्या कोल्हापूरच्या तहांत अमेरिकनाच्या स्वयंपाक्याला करमाफी देणारं कलम नाही. परराष्ट्रांशी परस्पर संबंध ठेवायची मुभाच संस्थानाला नव्हती, त्यामुळे अमेरिकनाची बाब असली तरी पत्र जायचं पोलिटिकल एजंटाकडे. तुमच्या प्रकरणात कुणी सवलत मागत असेल तर ती तहाच्या आधारावर मागतोय, वहिवाटीच्या की नुसत्या मेहेरबानीच्या, हे पेन्सिलीने समासात लिहा. दरबाराने एकदा सोडलेली रक्कम पुढच्या प्रकरणात नजीर, म्हणजे आधीचा दाखला, म्हणून समोर येते.

मिळकतीवरचा कर: हिशेब मांडून बघा

इथे घाई करू नका. ब्रिटिश हिंदुस्थानचा प्राप्तिकराचा कायदा १८८६ चा. तो संस्थानांच्या हद्दीतही लागू होता, पण फक्त अशा ब्रिटिश प्रजाजनांना, जे हिंदुस्थान सरकारच्या किंवा त्याने नेमलेल्या स्थानिक संस्थेच्या नोकरीत होते. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात.

आता एजन्सीच्या कचेरीतले दोन कारकून धरा, दोघांना महिना ४५ रुपये. वर्षाचे झाले ५४०. कायद्याची मर्यादा ५०० ची, म्हणजे कर बसतो. २,००० च्या आतल्या पगारावर दर रुपयाला ४ पै. ५४० गुणिले ४ म्हणजे २,१६० पै. रुपयाच्या १९२ पै, तेव्हा कर झाला ११ रुपये ४ आणे. आठवड्याभराच्या पगाराहून जास्त. रत्नागिरीच्या कारकुनाला हा कर इंग्रजांकडे भरावा लागे. शेजारी बसणारा करवीरचा कारकून या कलमात बसत नाही. साहेबाचा खासगी बटलर ब्रिटिश प्रजा असला तरी सरकारी नोकर नव्हे, तोही बाहेर. पट्टेवाला सरकारी खरा, पण त्याचा पगार मर्यादेच्या खाली. १९०३ मध्ये मर्यादा १,००० वर गेली आणि ४५ रुपयेवाला रत्नागिरीकरही सुटला. म्हणून साल न बघता 'कारकून कर भरत असत' असं वाक्य लिहू नका. पगार कुठल्या तिजोरीतून निघायचा हेही तपासा.

हा हिशेब हाताने केल्यावाचून त्या माणसाच्या अर्जातली कळकळ समजत नाही. ११ रुपये म्हणजे काय, हे ४५ रुपये पगारासमोर ठेवल्यावरच कळतं.

कागद कुठे?

मोडी आणि मराठी कागद कोल्हापूर पुराभिलेखागारात. रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, मागवताना साल फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सनात, दिलेलं असलं तर इसवी सनासाठी त्यात ५९० मिळवा. वर्ष जूनच्या सुमारास लागतं, म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. फसली १२९५ म्हणजे १८८५-८६. सुहूर सन, म्हणजे मराठी कागदांतला दुसरा जुना सन, असेल तर ५९९ किंवा ६००. इथे चूक झाली की १८८६ चा कायदा लागू होण्याआधीचं पत्र तुम्ही नंतरचं समजाल आणि सगळं प्रकरण उलटं वाचाल.

इंग्रजी पत्रव्यवहाराची दुसरी बाजू मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, राजकीय खात्याच्या दप्तरात. १९३३ मध्ये डेक्कन स्टेट्स एजन्सी झाली आणि कोल्हापूरचा संबंध थेट हिंदुस्थान सरकारशी आला, तेव्हा त्यानंतरचं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधा. त्यांचं अभिलेख पटल घरबसल्या चाळता येतं. दरबारचे हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात सापडतात. तहांचे मूळ शब्द एचिसनने केलेल्या तहांच्या इंग्रजी संग्रहात.

मुंबईचा आणि कोल्हापूरचा कागद शेजारी ठेवल्याखेरीज मत बनवू नका. इंग्रजी पत्रात नोकराला बहुतेक वेळा नाव नसतं, नुसता 'सर्व्हंट'. मोडी अर्जात तोच माणूस नाव, बापाचं नाव, कसबा आणि पेटा यांसह उभा असतो. दोन्हींतली तारीख आणि रक्कम जुळली की नाव टिपणात घ्या, आणि प्रबंधाच्या नामसूचीत साहेबाच्या बरोबरीने लावा. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं. त्या तारखेला जी प्रकरणं अडकलेली होती त्यांची यादी वेगळी करा, त्यांचा निकाल या दप्तरांत शोधत बसू नका.