मुंबईच्या हवेत ओतीव भांडी : साचा, स्लिप आणि ओलाव्याचा हिशेब

छोट्या स्टुडिओत एकाच मापाच्या वाट्या, कप आणि बशा सातत्याने काढायच्या असतील, तर कुंभाराच्या चाकापेक्षा स्लिप-कास्टिंगची पद्धत सोयीची पडते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या कोरड्या साच्यात पातळ माती, म्हणजे स्लिप, ओतली की साचा तिच्यातील पाणी शोषून घेतो, त्याच्या आतल्या बाजूला मातीचा थर बसतो आणि तो हव्या त्या जाडीचा झाला की उरलेली स्लिप परत ओतून काढली जाते. कृती एवढीच असली तरी सारा व्यवहार पाण्याचा आहे, आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की भिजलेला साचा वाळायचे नाव घेत नाही. म्हणून येथे महिन्याला किती भांडी निघतील याचा अंदाज साच्यांच्या वाळण्यावरून बांधावा.

पहिला साचा वाटीचा करावा. किटलीच्या मोहात सुरुवातीलाच पडू नये. तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळती वाटी एकसंध साच्यातून सरळ निघते, तिला जोडाची रेघ येत नाही आणि काय बिघडले ते चटकन कळते. मूळ नमुना मोठा घ्यावा लागतो, कारण वाळताना आणि भाजताना माती आकसते. आकुंचन १२ टक्के धरले, तर १२ सेंटिमीटर व्यासाच्या वाटीसाठी नमुना सुमारे १३.६ सेंटिमीटरचा हवा. आपल्या मातीचे नेमके आकुंचन त्याच मातीची पट्टी भाजून, मोजून ठरवावे.

साच्यासाठी फॉल्स सीलिंगचे पीओपी वापरू नये. सिरॅमिकच्या साच्यांसाठी मिळणारे प्लास्टर घ्यावे आणि पोते ताजे आहे याची खात्री करावी, कारण ओलावा लागलेले प्लास्टर नीट घट्ट होत नाही. एक लिटर पाण्याला १.४ किलो प्लास्टर हे प्रमाण चांगले चालते. प्लास्टर पाण्यात हलक्या हाताने भुरभुरावे, पाणी प्लास्टरवर ओतू नये. दोन मिनिटे तसेच भिजू द्यावे आणि मग हवेचे बुडबुडे न धरता सावकाश ढवळून, दाटसर होऊ लागताच नमुन्यावर ओतावे. घट्ट होताना ते चांगलेच तापते, त्यामुळे ओल्या प्लास्टरमध्ये हात बुडवून ठेवू नये. उरलेले प्लास्टर मोरीत किंवा बेसिनमध्ये धुणे तर कटाक्षाने टाळावे, कारण ते पाइपमध्येच दगड होते आणि मग साऱ्या इमारतीशी भांडण ओढवते. ते बादलीतच घट्ट होऊ द्यावे आणि खरवडून कचऱ्यात टाकावे.

तयार साचा पंख्याच्या झोतात, सर्व बाजूंनी हवा लागेल असा फळ्यांवर उभा ठेवावा. घाईने भट्टीवर ठेवलेला साचा ५० अंश सेल्सियसच्या वर गेला की ठिसूळ होऊ लागतो. पूर्ण वाळल्यावर त्याचे वजन करून तो आकडा पाठीवर पेन्सिलने लिहून ठेवावा, हा माझ्या मते या कामातला सर्वांत उपयोगी सल्ला आहे. समजा पाठीवर २,४०० ग्रॅम लिहिले आहे आणि काटा २,५२० दाखवतो आहे, तर त्या साच्यात अजून १२० ग्रॅम पाणी आहे. हाताला तो कितीही कोरडा वाटला तरी त्यात ओतलेली वाटी हळू बसेल आणि चिकटेल. हिवाळ्यात एका साच्यातून दिवसाला दोन ओत सहज निघतात, जुलैत मात्र एकावरच थांबावे आणि जास्त माल हवा असेल तर साचे वाढवावेत. बंद खोलीत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारे यंत्र, लावला तर पावसाळाही पुष्कळ सुसह्य होतो.

धारावीच्या कुंभारवाड्यातील लाल माती माठ, पणत्या आणि कुंड्यांची. ती कमी तापमानाला भाजायची असते आणि स्टोनवेअरच्या, म्हणजे उच्च तापमानाला भाजून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या भांड्यांच्या, आचेला टिकत नाही. टेबलवरच्या भांड्यांसाठी स्टोनवेअरची ओतायची माती घ्यावी. सुक्या मातीची १० किलो पूड असेल तर साधारण ४ लिटर पाणी आणि सुमारे ३० ग्रॅम सोडियम सिलिकेट लागते. एवढ्या थोड्या पाण्यात एरवी घट्ट गोळाच झाला असता, पण सोडियम सिलिकेटमुळे मातीचे कण एकमेकांना दूर सारतात आणि मिश्रण बासुंदीसारखे वाहते. सोडियम सिलिकेट आधी पाण्यात मिसळावे, मग मास्क लावून पूड घालावी, मिक्सरने ढवळावे, रात्रभर मुरू द्यावे आणि ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून गाळावे. एक लिटर स्लिपचे वजन १,७५० ते १,८०० ग्रॅम भरले पाहिजे. वजन बरोबर असूनही स्लिप जड वाहत असेल तर सोडियम सिलिकेट थेंबाथेंबाने वाढवावे. पाणी वाढवण्याचा मोह आवरावा, कारण ते शेवटी साच्यालाच प्यावे लागते.

ओतताना धार अखंड ठेवावी आणि साचा काठोकाठ भरावा. पातळी खाली गेली की भर घालावी. कोरड्या साच्यात दहा-पंधरा मिनिटांत ३ मिलिमीटरच्या आसपास थर बसतो. थर जसा जाड होतो तसा पुढचा थर बसण्याचा वेग मंदावतो, म्हणून दुप्पट जाडीला दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट वेळ लागतो. जाडी पाहायची असेल तर तोंडाशी सुरीने लहानशी चीर द्यावी. मग स्लिप हळूहळू ओतून काढावी आणि साचा दोन पट्ट्यांवर किंचित कलता उपडा ठेवावा, म्हणजे शेवटचा थेंब तळाशी गोठून टेंगूळ येत नाही. आतली ओली चकाकी गेली की जादा काठ कापावा. तासाभरात वाटी आकसून साच्यापासून सुटते.

कापलेल्या मातीत प्लास्टरचा कण गेला असेल तर ती माती फेकून द्यावी. तो कण भाजल्यानंतर हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि महिन्याभराने ग्राहकाच्या घरी वाटीचा टवका उडतो. स्वच्छ कापणी परत वापरता येते, पण ताज्या स्लिपमध्ये ती एक तृतीयांशापेक्षा अधिक नसावी. काठ आणि बूड ओल्या स्पंजने साफ करावे, कोरडे घासू नये. त्या धुळीतील सिलिका फुप्फुसांत साठते, म्हणून जमीनही झाडण्याऐवजी पुसावी.

बिस्क भाजणी, म्हणजे ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावण्याआधीची पहिली भाजणी, १,००० अंशांपर्यंत करावी. पाणी पूर्ण उडेपर्यंत आच अगदी मंद ठेवावी आणि ५७३ अंशांच्या आसपास, जिथे क्वार्ट्झचे आकारमान एकदम बदलते, घाई करू नये. ओतीव भांड्याची भिंत पातळ असल्याने ती ग्लेझमधील पाण्याने लवकर भिजते, म्हणून आधी आतून ग्लेझ करून वाळू द्यावे आणि नंतर बाहेरून बुडवावे. दुसरी भाजणी माती आणि ग्लेझ या दोन्हींना मानवेल अशा, साधारण १,२२० ते १,२४० अंशांना होते.

विक्रीपूर्वी दोन चाचण्या कराव्यात. कोरड्या वाटीचे वजन करून ती काही तास पाण्यात उकळावी, रात्रभर त्याच पाण्यात ठेवावी, पुसून पुन्हा तोलावी. ३०० ग्रॅमची वाटी ३०३ ग्रॅमच्या आत राहिली तर माती चांगली पिकली आहे. दुसरी चाचणी आंबटाची. आपल्या जेवणात सोलकढी, चिंचेची आमटी आणि लोणचे असतेच, म्हणून लिंबाची फोड ग्लेझवर रात्रभर ठेवावी. सकाळी तिथला रंग किंवा चमक बदललेली दिसली तर ते ग्लेझ जेवणाच्या भांड्यांना वापरू नये. काही बदल दिसला नाही, तरी शिसे आणि कॅडमियम डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे नव्या ग्लेझचा नमुना प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा आणि अहवाल हाती येईपर्यंत तो माल विकायला ठेवू नये.